आट्यांना वंगण, बैठकीला नाही

माझ्या सासऱ्यांना गल्लीतली पोरं 'वंगणआजोबा' म्हणतात. त्याचा त्यांना राग येत नाही. उलट ते खिडकीतून डोकावून कोण ओरडलं ते बघतात, त्या पोराला बोलावून घेतात आणि त्याच्या सायकलच्या साखळीला वंगण घालून देतात. आमच्या घरात एकही दार करकरत नाही, फाटक किरकिरत नाही, कपाटाचा कप्पा अडकत नाही. याचा तोटा एवढाच, की सासरे मागे कधी येऊन उभे राहिले ते कुणाला कळत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा दचकून दचकूनच मी अर्धी झाले होते.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. बाबांचा धंदा कवळ्यांचा. म्हणजे दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि बाबा मागच्या खोलीत बसून त्या मापाची कवळी घडवायचे. आता ते काम बंद केलंय, पण मागच्या खोलीत अजून कुणाकुणाचे प्लास्टरचे जबडे फळीवर ओळीने हसत बसलेले असतात. कवळीबद्दल बाबांचं एक ठाम मत आहे, आणि ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं.

"घट्ट बसवणं कुणालाही जमतं," ते म्हणाले होते. "खाताना हलता कामा नये आणि काढताना माणूस रडता कामा नये, याला अक्कल लागते."

मी नवी नवरी. मान डोलावली. मला वाटलं, आयुष्याबद्दल काहीतरी सांगतायत. नंतर कळलं, की ते गाडीच्या चाकांबद्दल बोलत होते.

ही गाडी म्हणजे बाबांचा जीव. माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या आधी घेतलेली, तेव्हाही जुनीच होती. आता तर रस्त्यावर तशी दुसरी दिसत नाही. माणसं थांबून फोटो काढतात, आणि बाबा इंजिनचं झाकण उघडून उभे राहतात, कुणी विचारलेलं नसताना. सासूबाई गाडीला 'सवत' म्हणतात. पण आभाळ भरून आलं की सवतीच्या अंगावर जुनी चादर टाकायला त्याच आधी धावतात.

तर या गाडीची गंमत अशी, की तिची चाकं नटांवर नाहीत, बोल्टांवर आहेत. इतर बऱ्याच गाड्यांना आतून दांडे बाहेर आलेले असतात. त्यांवर चाक टांगायचं, नट फिरवायचे, झालं. आमच्या गाडीला नुसती भोकं. एका हाताने जड चाक भोकासमोर धरायचं आणि दुसऱ्या हाताने बोल्ट आत घालायचा, आणि तोवर चाक घसरलेलं असतं. बाबांनी त्यावर युक्ती काढली आहे. चाकाखाली पाय सरकवायचा आणि चवड्याने चाक वर उचलायचं. त्यांच्या एका बुटाचं नाक त्यामुळे कायम चपटं असतं.

आणि हे बोल्ट गंजतात. गंजलेला बोल्ट म्हणजे बाबांच्या लेखी घरावर आलेलं संकट. म्हणून चाक काढलं की दरवेळी प्रत्येक बोल्ट तारेच्या ब्रशने घासायचा, फडक्याने पुसायचा आणि त्याच्या आट्यांना वंगण लावायचं. तेही हिरडीला औषध चोळतात तेवढंच, जुन्या टूथब्रशने. हा टूथब्रश जुना कधी झाला ते बाबा एकटेच ठरवत. घरातल्या कुणाचाही ब्रश केस वाकडे होण्याआधीच नाहीसा व्हायचा आणि गाडीच्या डिकीत सापडायचा.

पण वंगण फक्त आट्यांना. बोल्टच्या डोक्याखाली जो निमुळता भाग असतो, जिथे बोल्ट चाकाला टेकतो, त्याला बाबा 'बैठक' म्हणतात. ती कोरडी ठणठणीत हवी. तिथे वंगण लागलं, की बोल्ट घट्ट बसल्याचं नाटक करतो आणि रस्त्यात अंग काढून घेतो. आणि वंगण लावल्यावर पाना जोरात ओढायचा नाही, कारण वंगण लावलेला बोल्ट भसकन आत जातो आणि उगाच ताणला जातो. थोडं अंतर गाडी फिरवून आणायची आणि पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. हे सगळं मला तोंडपाठ आहे. कारण मला परीक्षा द्यावी लागली होती.

बाबांचा नियमच होता: ज्याला चाक काढता येत नाही, त्याला गाडी मिळणार नाही. मग तो मुलगा असो, जावई असो नाहीतर सून. माझा नवरा लायसन्स मिळाल्यापासून नापास आहे. त्याने कंटाळून स्वतःची वेगळी गाडी घेतली, आणि तिचं चाकही तो दुसऱ्याकडूनच बदलून घेतो. माझी परीक्षा लग्नानंतर लगेच झाली. मी चाक काढलं, बोल्ट घासले, आणि उत्साहाच्या भरात आट्यांसकट बैठकीलाही वंगण फासलं. बाबांनी बोल्ट हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि असा चेहरा केला, जणू मी कुणाच्या तोंडात कवळी उलटी बसवली होती.

"आट्यांना वंगण, बैठकीला नाही," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी परत ये."

परत ये! मी राहायला त्याच घरात होते. पण पुढच्या रविवारी मी परत गेले आणि पास झाले, आणि आज सांगते, मला शाळेच्या कुठल्या निकालाचा इतका आनंद झाला नव्हता.

सासूबाईंना मात्र कुणी कधी परीक्षेला बसवलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. बाबा अंगणात चाकं काढत बसले, की त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मधूनमधून बघायच्या आणि म्हणायच्या, "चहा गार होतोय. तिला पाजू का?"

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझ्या नणंदेने मध्ये बिब्बा घातला. ती लोकांचे आखडलेले सांधे मोकळे करते. कुणाचा खांदा, कुणाचा गुडघा. तिच्या आणि बापाच्या धंद्यात मला फारसा फरक दिसत नाही. ती फक्त वंगण वापरत नाही. एकदा जेवताना तिने बघितलं, की बाबांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवायचा प्रयत्न केला, मग बाटली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "हे झाकण नीट बसलंय का बघ गं."

मी बघितलं. म्हणजे उघडून दिलं. हे आमचं बरेच महिने चाललं होतं. बरणी असो, औषधाची बाटली असो, बाबा मला झाकण 'नीट बसलंय का' बघायला सांगायचे आणि मी उघडून परत द्यायची. दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो. पण नणंद ती नणंद. तिने जेवण सोडलं आणि बापाचं मनगट धरून इकडून तिकडून फिरवलं. बाबा 'स्स' करून ओरडले.

"बाबा, या हातांनी तुम्ही ती गाडी चालवता?"

"पायांनीच चालवतो जास्त."

"त्या गाडीचं स्टिअरिंग वळवायला मनगट लागतं. भर चौकात मनगटातून कळ आली तर?"

बाबांनी भाजी वाढून घेतली. नंतर तिने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि भिंतीला टेकून रडली. मला वाटत होतं ती उगाच बापावर डाफरते. पण ती घाबरली होती. रोज तिच्याकडे असलीच माणसं येतात, आणि त्यातली काही अपघातानंतर गाडीतून ओढून काढलेली असतात.

बाबांशी वाद घालून उपयोग नसतो, म्हणून तिने त्यांना त्यांच्याच शब्दात पकडलं.

"ज्याला चाक काढता येत नाही त्याला गाडी नाही, हा नियम तुमचाच ना? मग दरवर्षी परीक्षा द्यायची. कुठलं चाक ते मी सांगणार. ज्या वर्षी निघणार नाही, त्या वर्षी किल्ली माझ्याकडे."

बाबांच्या चेहऱ्यावर अशी कळा आली, की मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण नियम त्यांचा होता. ते एवढंच म्हणाले, "पाइप चालेल?"

पाइप म्हणजे लोखंडी नळी. ती पान्याच्या दांड्यावर चढवली, की दांडा लांब होतो आणि कमी जोरात बोल्ट सुटतो.

"पाइप नाही," नणंद म्हणाली. "आयत्या वेळी रस्त्यात पाइप कुठून आणाल?"

"डिकीत ठेवीन."

"पाइप नाही, बाबा."

बाबा उठले, डिकीतला पाइप काढला आणि माळ्यावर टाकून आले. परीक्षेला नाही तर सरावालाही नाही, असा त्यांचा खाक्या. हे त्यांचं मला कधी कळत नाही. माणसाने एवढं प्रामाणिक असावं, पण दुसऱ्याचे टूथब्रश पळवू नयेत.

पहिल्या वर्षी बाबा पास झाले. वंगणाने लाज राखली. बोल्ट असे सुटले, की नणंदेलाच संशय आला आणि तिने एक बोल्ट स्वतः फिरवून बघितला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेली काही वर्षं बाबा ते वंगण गाडीसाठी लावत नव्हते, स्वतःच्या मनगटांसाठी लावत होते. बोल्ट पूर्वीइतकेच घट्ट होते. हात तेवढे राहिले नव्हते, आणि दोघांच्या मधलं अंतर ते टूथब्रशने भरून काढत होते. मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगून करणार काय?

या वर्षीच्या परीक्षेला तीन दिवस असताना माझ्या नवऱ्याला पितृप्रेमाचा उमाळा आला.

हा माणूस एरवी बापाच्या गाडीजवळ फिरकत नाही. त्या दिवशी मात्र बाबा दुपारचे झोपले असताना किल्ली घेतली आणि गाडी टायरवाल्याकडे नेली. हेतू चांगला होता. हवा भरावी, चाकं तपासून घ्यावीत, म्हणजे रविवारी बापाला त्रास नको. टायरवाल्याने सहज एक बोल्ट काढून बघितला आणि त्याला घाम फुटला. बोल्टला वंगण! त्याच्या शाळेत हे महापाप. बोल्ट कोरडा असावा, नाहीतर चाक वाटेत निरोप घेतं, अशी त्याची पक्की समजूत. सद्बुद्धीचा माणूस तो. त्याने एकूण एक बोल्ट काढला, पेट्रोलने धुऊन काढला, आटे लख्ख कोरडे केले आणि हवेच्या गनने सगळे आवळून टाकले.

नवरा छाती काढून घरी आला. "बाबा, चाकं अशी टाइट करून आणलीत, की आता वर्षभर बघायला नको."

बाबा नुकते उठून चहा पीत होते. कप बशीवर टेकला त्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

"कशाने टाइट केली?"

"गनने. आणि कुणीतरी तेल लावून ठेवलं होतं बोल्टांना. त्याने सगळं धुऊन काढलं."

"कुणीतरी," बाबा म्हणाले.

मी नवऱ्याला आत ओढलं आणि काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचारा ऐकून पार खाली बसला. लगेच म्हणाला, परत नेतो, सैल करून आणतो. पण बाबांनी किल्ली खिशात घातली होती.

"परीक्षेच्या आधी पेपर फोडायचा नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला उठले, तर अंगणात बाबा. पुढच्या चाकाला पाना लावून दोन्ही हातांनी ओढत होते. बोल्ट ढिम्म. मग त्यांनी पान्यावर अंग टाकलं. पाय जमिनीवरून सुटले, एक चप्पल पडली, आणि बाबा क्षणभर पान्याला लटकून राहिले. बोल्ट हलला नाही. ते खाली उतरले, चप्पल घातली, मनगट काखेत दाबून धरलं आणि दुसऱ्या चाकाकडे गेले. तिथेही तेच. मग तिसऱ्याकडे.

मी बाहेर गेले. "बाबा, मी एकदा सैल करून देऊ? कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," ते म्हणाले. रागाने नाही. मग मडगार्डवर हात फिरवत उभे राहिले. "ही गेली, की मी कुठे जाणार गं? पाहुण्यासारखं दुसऱ्याच्या गाडीत मागे बसायचं. 'आजोबांना सोडून या.' 'आजोबांना घेऊन या.' कवळीसारखं. सकाळी काढायचं, रात्री ठेवायचं."

कवळीचं उलट असतं, रात्री काढतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? ते चुकले आणि त्यांना कळलंही नाही, तेव्हा मला भडभडून आलं. मी दुधाची पिशवी घेऊन आत पळाले. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. खिडकी उघडी होती.

"काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"चहा ठेव," त्या म्हणाल्या, आणि खिडकीतून बघत राहिल्या.

शनिवारी दुपारी सासूबाईंनी मला बळंच बाजारात पिटाळलं. बटाटे घरात होते तरी बटाटे आणायला. नवऱ्याला सोबत लावून दिलं. आम्ही परत आलो तेव्हा त्या अंगणातल्या पायरीवर बसून कंबर चोळत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "वय झालं." मी बटाटे आत नेऊन ठेवले. माझं डोकं रविवारात अडकलेलं होतं.

रविवारी नणंद आली. तिचाही चेहरा काही परीक्षकासारखा नव्हता. मनगटाच्या कळेवर लावायचं मलम आणि पट्टे तिने पिशवीत भरून आणले होते, म्हणजे निकाल काय लागणार ते तिने गृहीत धरलं होतं. नवरा अपराध्यासारखा फाटकाला टेकून उभा. सासूबाई पायरीवर. बाबांनी स्वच्छ शर्ट घातला होता.

"कुठलं?" त्यांनी विचारलं.

नणंदेने एकदा त्यांच्या हातांकडे बघितलं. "पुढचं. भिंतीकडचं."

बाबांनी मागच्या चाकांना दगड लावले, बुटक्या स्टुलावर बसले आणि पहिल्या बोल्टला पाना लावला. बोल्ट आधी सैल करायचे, मग जॅक लावायचा, हा क्रम. त्यांनी डोळे मिटले. ओठ घट्ट मिटले. सगळा जीव एकवटून पाना ओढला.

बोल्ट इतक्या सहज फिरला, की बाबा स्टुलासकट मागे कलंडले आणि अंगणात आडवे झाले.

"सुटला!" नवरा ओरडला. आम्ही दोघींनी धावत जाऊन बाबांना उठवलं. त्यांना लागलं नव्हतं. पण ते हसतही नव्हते. स्टूल उभं केलं, पुन्हा बसले, बोटांनी बोल्ट फिरवत बाहेर काढला. चष्मा कपाळावर सरकवला. बोल्ट डोळ्यांसमोर धरला. मग नाकाजवळ नेला.

"गुलाब," ते म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"बोल्टला गुलाबाचा वास येतोय. आणि हे पांढरं..." त्यांनी अंगठ्याने बोल्टच्या डोक्याखालचा भाग पुसला आणि त्यांचा आवाजच फुटला. "बैठकीला पण लावलंय!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्यानेसुद्धा! एकदा, लग्नानंतरच्या पहिल्या परीक्षेत, माणसाच्या हातून बैठकीला वंगण लागतं, आणि घर ते जन्मभर विसरत नाही.

"मी नाही!" मी म्हटलं. "माझ्याकडे गुलाबाचं काही नाही सुद्धा."

नणंदेने बोल्ट हातात घेतला, हुंगला आणि हळूहळू पायरीकडे वळली. "आई, हे मी तुला आणून दिलेलं क्रीम आहे. हात फुटतात म्हणून."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "संपलं. दुसरं आण."

बाबा स्टुलावरून उठलेच नाहीत. "तू?"

"काल दुपारी. तुम्ही घोरत होता."

"पण हे सुटले कसे? मी लटकलो होतो त्यांना."

"बघितलं मी. माळ्यावरचा पाइप काढला. पाना लावला, वर पाइप चढवला, आणि त्याच्यावर उभी राहिले."

"उभी?"

"कपड्यांची दोरी धरून. हिच्या बापाच्या जन्मात सुटणार नाहीत असे आवळले होते त्याने. पण माझं वजन काय कमी आहे? एकेक बोल्ट काढला, क्रीम लावलं, बसवला, मग पुढचा. सगळे एकदम काढले असते तर गाडी आडवी झाली असती ना."

"चारही चाकांचे?"

"ही कुठलं चाक सांगेल ते मला काय माहीत?"

नणंदेने तोंडावर हात ठेवला होता. ती हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं, बहुतेक तिलाही.

"डिकीत वंगणाचा डबा होता," बाबा म्हणाले. त्यांना अजून तेच टोचत होतं.

"तुमच्या डब्याला हात लावला, की तुम्हाला वास येतो. म्हटलं, आपलं आपण काहीतरी लावावं."

"आणि हे सगळं तुला येतं कसं?"

"इतकी वर्षं ओट्याशी उभी आहे. समोर खिडकी आहे. खिडकीत तुम्ही आहात. दुसरं काय बघणार होते मी?"

मग नणंदेने डोळे पुसले आणि घसा खाकरला. "ठीक आहे. बोल्ट सुटला ना? बाबा, तुम्ही पास."

तिने मनापासून म्हटलं होतं ते. बापाला पास करायला ती आयुष्यात पहिल्यांदाच एवढी उतावीळ झाली होती. बाबांनी फक्त मान डोलवायची होती. गाडी वर्षभरासाठी त्यांची होती, आणि आम्ही कुणी चकार शब्द काढला नसता. मी तर मनातल्या मनात 'डोलवा, डोलवा' म्हणत होते.

बाबा मडगार्डला धरून उठले.

"नापास," ते म्हणाले. "बोल्ट मी सोडवला नाही. मी फक्त फिरवला."

त्यांनी खिशातून किल्ली काढली. नणंदेचा हात पुढे आला. किल्ली घ्यायला नव्हे, त्यांना सावरायला. बाबा तिला ओलांडून पायरीपाशी गेले आणि किल्ली सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

"मला काय करायचीय?" सासूबाई म्हणाल्या.

"नियम आहे. ज्याला चाक काढता येतं त्याची गाडी."

"मला चालवता कुठे येते?"

"शिकशील. चाक काढणं जास्त अवघड आहे." मग त्यांना राहवेना. "बैठकीला क्रीम लावल्याचे गुण कापलेत, बरं का."

"कापा. पास आहे ना?"

"पास आहेस," बाबा म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. मीही डोळे टिपले. नवरा तर उघड उघड रडत होता, पण त्याचं मूळ टायरवाल्यापाशी होतं.

मग सगळी दुपार सगळ्या बोल्टांचं क्रीम काढण्यात गेली. बाबा स्टुलावर बसून सांगत होते, सासूबाई पाना ओढत होत्या, मी फडकी धुऊन देत होते. वंगण लावायला बाबांनी नवा टूथब्रश मागितला. नणंदेने मुकाट्याने स्वतःचा पिशवीतून काढून दिला. सासूबाईंनी आट्यांना वंगण लावलं, बैठक कोरडी ठेवली, आणि प्रत्येक बोल्ट बाबांनी नाकाशी धरून तपासला.

"आता थोडं अंतर चालवून पुन्हा पाना लावायला हवा," बाबा म्हणाले, आणि सासूबाईंकडे बघितलं.

"तिच्याकडे लायसन्स नाही," नणंद म्हणाली.

"फाटकाच्या आत कसलं लायसन्स? मागच्या भिंतीपासून फाटकापर्यंत. चालव गं."

सासूबाई उशी घेऊन स्टिअरिंगमागे बसल्या. बाबा गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले. आजवर त्या सीटवर ते बसल्याचं मी पाहिलं नव्हतं. ती सासूबाईंची नेहमीची सीट कधीची खचली होती. बसल्याबरोबर बाबा एवढे आत गेले, की बाहेरून फक्त त्यांचे पांढरे केस दिसायला लागले.

गाडी एकदा गचका खाऊन बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती थरथरत निघाली आणि अंगणातून अशी चालली, की आम्ही तिघं तिच्या बाजूने चालत तिच्या पुढे गेलो. फाटकाशी सासूबाईंनी ब्रेक दाबला. बाबा खाली सरकलेले, दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवून मान उंच करत होते. एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून.

"इथून तर समोरचं काहीच दिसत नाही गं," ते म्हणाले.

"नाहीच दिसत," सासूबाई म्हणाल्या. "आता जरा गप्प बसा. मला मागे घ्यायचीय."